हॉटेलच्या करातून गल्लीतल्या कलेला पैसे : सॅन फ्रान्सिस्कोची पद्धत आणि आपल्या महापालिका

धुकेनगरी

दुसऱ्या एका धाग्यावर "सरकारने कलेला पैसे द्यावेत का" अशी चर्चा चालू आहे. तिथे माझा प्रतिसाद फार लांबला असता, म्हणून वेगळा धागा काढतेय. माझ्या मते पैसे देऊ की नको, हा वाद कधीच संपलाय. प्रत्येक शहर कुठून ना कुठून देतच असतं. कोणाला देतं, कोण ठरवतं आणि न मिळालेल्याला कारण कळतं का, यावर बोलायला हवं.

मी बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहते. मिशन भागातल्या कलासंस्थांना अनुदानाचे अर्ज भरायला मदत करते, त्यामुळे हे जवळून पाहिलंय.

1961 पासून इथे हॉटेलच्या खोलीवरच्या कराचा काही भाग कलेकडे जातो. त्यामागचा हिशोब साधा आहे. प्रवासी शहरात येतो तो इथलं काही बघायला-ऐकायला, मग जे त्याला खेचून आणतात त्यांच्यासाठी थोडे पैसे त्याच्याच बिलातून घ्यावेत. स्थानिक माणसाच्या खिशाला थेट चाट नाही. ही योजना आज 'ग्रँट्स फॉर द आर्ट्स' या नावाने चालते. संगीतसंस्था, नाटकमंडळ्या, चिनी नववर्षाची मिरवणूक, कार्निव्हल अशा सगळ्यांना त्यातून मदत मिळत आलीय.

पण सुरुवातीच्या काळात शहराच्या पैशाचा ओढा ऑपेरा, सिंफनी आणि संग्रहालयांकडेच होता. मिशनमधले लॅटिनो, बेव्ह्यू आणि फिलमोरमधले कृष्णवर्णीय, चायनाटाउनमधले लोक विचारू लागले की आमच्या गल्लीत काय येतं? त्या रेट्यातून 1967 मध्ये 'नेबरहुड आर्ट्स प्रोग्रॅम' सुरू झाला. मला या सगळ्या इतिहासात तो सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने नुसते धनादेश वाटले नाहीत. शहराने वस्त्यांमध्ये संघटक नेमले. हे लोक गल्लीत जाऊन कोणाला काय करायचंय ते विचारायचे आणि मंच, ध्वनियंत्रणा, पत्रकं छापणं अशी मदत मिळवून द्यायचे. 1970 च्या दशकात शहराने वस्त्यांमधल्या इमारतीच कलेसाठी राखल्या. मिशन कल्चरल सेंटर, सोमार्ट्स, बेव्ह्यू ऑपेरा हाउस, फुल्टन रस्त्यावरचं आफ्रिकन अमेरिकन केंद्र. इमारत शहराची, कारभार स्थानिक संस्थेचा. ही व्यवस्था अजून टिकून आहे.

त्याच दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारची 'सेटा' नावाची रोजगार योजना होती. बेरोजगारांना सार्वजनिक कामावर घ्यायचं आणि पगार सरकारने द्यायचा. 1974 मध्ये इथल्या आर्ट्स कमिशनमधल्या, म्हणजे शहराच्या कलाविभागातल्या लोकांनी विचारलं, चित्रकार, नट, वादकही बेरोजगारच आहेत, मग ते का नकोत? आणि कलाकारांना घेतलं गेलं. पुढे देशभर हे लोण पसरलं. मिशनमध्ये 24व्या रस्त्याजवळ बामी ॲली नावाचा बोळ आहे, तिथे गॅरेजची दारं आणि कुंपणं 1972 पासून चित्रांनी भरत गेली. कुणाच्या घराच्या मागच्या दारावर स्थलांतरितांची कथा, शेजारच्या फळ्यांवर मध्य अमेरिकेतल्या युद्धांची. रंग उडाला की पुन्हा रंगवतात, कधी जुन्यावर नवं चित्र येतं. एकाच मोठ्या देणगीतून हे झालेलं नाही. थोडं इथून, थोडं तिथून, असं वर्षानुवर्षं साचत गेलंय.

1993 मध्ये 'कल्चरल इक्विटी' निधीचा कायदा झाला. ज्या समाजांना आजवर वाटा मिळाला नाही त्यांच्या संस्थांसाठी आणि एकेकट्या कलाकारांसाठी वेगळी रक्कम राखली गेली.

निवड कशी होते, ते मुद्दाम सविस्तर लिहिते. अर्ज वाचायला त्या-त्या क्षेत्रातले लोक बोलावतात, म्हणजे कलाकार, छोट्या संस्था चालवणारे, वस्तीत काम करणारे. ते ठरलेल्या निकषांवर गुण देतात. परीक्षकांची बैठक जाहीर असते. अर्जदार मागे बसून ऐकू शकतो, पण मध्ये बोलू शकत नाही. मी अशा बैठकांना बसलेय. आपल्या अर्जाबद्दल चार अनोळखी माणसं मोठ्याने बोलतायत, "कामाचे नमुने उत्तम आहेत, पण रंगमंदिराचं भाडं अंदाजपत्रकात दिसत नाही", "प्रेक्षक कोण ते नीट लिहिलेलं नाही". ऐकताना पोटात गोळा येतो. पण नकार मिळाला तरी तो कशामुळे, हे स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्यावरून सुधारता येतो. आपल्याकडे हे कुठे होतं का, हे मला इथल्या लोकांकडून जाणून घ्यायचंय.

---

सरळरेषा

माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही. ज्या शहरात पावसाळ्यात घरात गटाराचं पाणी शिरतं, तिथे महापालिकेने एकांकिकेला पैसे देणं मला पटत नाही. दुसरी भीती अनुदानावर जगणाऱ्या कलेची. परीक्षकांना काय आवडतं ते ओळखून लोक तसंच लिहू लागतात, तसंच करू लागतात. प्रेक्षकांनी तिकीट काढून तारलेली मराठी नाटकाची परंपरा आपल्याकडे आहे. ती जास्त निकोप वाटते.

---

पेठकरी

सरळरेषा, मराठी नाटक तिकिटावर चालतं हे अर्धंच खरं. बालगंधर्व रंगमंदिर 1968 मध्ये पुणे महापालिकेने बांधलं आणि आजही तीच चालवते. ठाण्याचं गडकरी, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, सगळी महापालिकांची. तिथलं भाडं बाजारभावाने लावलं तर किती प्रयोग होतील? हे अनुदानच आहे, फक्त ते इमारतीच्या रूपात मिळतं म्हणून दिसत नाही. आणि ते मिळतं कोणाला? ज्याला तारीख मिळते त्याला. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांकडे. हौशी संस्थेला मंगळवारी सकाळ.

धुकेनगरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : पुण्यात असं काही नाही. महोत्सव आहेत, त्यांना महापालिकेची मदत असते, पण सहकारनगरमधल्या पाच-सहा मुलांना पथनाट्य करायचंय आणि वीस-पंचवीस हजार हवेत तर कोणत्या खिडकीवर जायचं? नगरसेवकाकडे. त्याच्या मनात आलं तर 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतून काहीतरी होतं, आणि मग फलकावर त्याचा फोटो त्या मुलांच्या नावापेक्षा मोठा. 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर बरीच वर्षं प्रशासक होता, तेव्हा तीही खिडकी बंद.

---

मांडवीतीर

छान विषय. गोव्यातून लिहितोय.

आमच्याकडे सरकारी मदत बरीच आहे. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना आहेत, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा आहेत, तालुक्यांत रवींद्र भवनं आहेत. पण हे सगळं राज्याचं. पणजी महानगरपालिका किंवा मडगावची नगरपालिका आपणहून अर्ज मागवते, असं मला तरी दिसलेलं नाही.

मात्र सरळरेषा यांच्या तिकिटाच्या मुद्द्यावर एक सांगावंसं वाटतं. आमच्या गावातलं जत्रेचं नाटक ना तिकिटावर चालतं ना अनुदानावर. गावकरी वर्गणी काढतात, देवळाच्या प्रांगणात मंच बांधतात, गावातलेच लोक तालमी करतात आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. कोणी परीक्षक नाही, गुण नाहीत. गावच परीक्षक. हे मॉडेल शहरात का मोडलं, याचाही विचार व्हावा. अर्ज आणि निकष आले की गावकऱ्याचा लाभार्थी होतो, अशी मला धास्ती वाटते.

---

ढोलवाला फ्रीमाँट

धुकेनगरी, एक व्यवहारी प्रश्न. आमचं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ढोल-ताशा पथक आहे. गणपतीत आणि पाडव्याला मिरवणूक काढतो. ढोल, कातडी, वाहतूक, विमा हे सगळं आम्ही वर्गणीतून करतो. आम्हाला हे सॅन फ्रान्सिस्कोचे पैसे मिळू शकतात का? आमची नोंदणी ना-नफा संस्था म्हणून अजून झालेली नाही. आमच्या इथल्या एका कार्यालयात चौकशी केली होती तर "तुमचं सांस्कृतिक आहे की धार्मिक?" एवढाच प्रश्न आला आणि पुढे काही झालं नाही.

---

धुकेनगरी

सगळ्यांचे आभार. एकेक करून लिहिते.

@ढोलवाला : सॅन फ्रान्सिस्कोचा निधी शहरातल्याच संस्थांना आणि कलाकारांना आहे. तुम्ही खाडीपलीकडे म्हणून तो नाही. पण तुमच्या अलमीडा काउंटीचं स्वतःचं आर्ट्स कमिशन आहे, तिकडे नक्की बघा. नोंदणी नाही म्हणून अडू नका. इथे 'फिस्कल स्पॉन्सर' नावाची सोय असते. एखादी नोंदणीकृत ना-नफा संस्था तुमची पालक होते, अनुदान तिच्या खात्यात येतं, हिशोब ती ठेवते आणि त्याबद्दल काही टक्के शुल्क कापते. सॅन फ्रान्सिस्कोत इंटरसेक्शन फॉर द आर्ट्स, डान्सर्स ग्रुप अशा संस्था हे काम करतात. माझ्या अनुभवात छोट्या गटांसाठी सगळ्यात मोठी वाट याच सोयीने मोकळी झाली. ज्यांच्याकडे सनदी लेखापाल नाही, घटना नाही, कार्यकारिणी नाही, पण वीस वर्षं नाचतायत, अशा लोकांना ती दारात उभं करते.

धार्मिक-सांस्कृतिक प्रश्नावर : सरकारी पैसा पूजेला देता येत नाही, हे तर स्पष्टच आहे. पण ढोलवादन, त्याचं शिक्षण, चौकातलं जाहीर सादरीकरण हे कलाच आहे. अर्ज त्या भागापुरता करा आणि पूजेचा खर्च वेगळा ठेवा.

आणि एक गोष्ट आपल्या मंडळींना आवर्जून सांगते. मराठी गटांच्या अंदाजपत्रकात 'कलाकारांचं मानधन' या ओळीत शून्य असतं. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, की सगळे हौसेने करतात. परीक्षकांना मात्र ते खटकतं. तालमींचे एवढे तास आणि कोणालाच काही नाही? नियमित पगाराची नोकरी असलेल्यालाच हे परवडतं. ज्याला संध्याकाळी दुसरी पाळी करावी लागते तो तुमच्या पथकात कधीच येणार नाही. त्या ओळीत छोटी का होईना, रक्कम लिहा.

@मांडवीतीर : तुमची धास्ती खोटी नाही. पण गाव एकमेकांना ओळखतं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असतं म्हणून ती वर्गणी गोळा होते. मिशनमध्ये घरभाडी अशी वाढली की ज्यांनी त्या भिंती रंगवल्या त्यांतले कित्येक जण शहरच सोडून गेले. वर्गणी मागायला दारं ठोठवायची तर आत नवीनच माणसं. तिथे शहराच्या मालकीची इमारत आणि दरवर्षीचं थोडं अनुदान यांच्याच आधारावर लोक तग धरून राहिले.

---

ईस्टलंडनकर

मानधनाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. इंग्लंडमध्येही हेच. इथे आर्ट्स कौन्सिलची लॉटरीच्या पैशातून चालणारी प्रकल्प अनुदानं आहेत, किमान 1,000 पौंडांपासून. कलाकारांना योग्य मोबदला देताय का, हे ते तपासतात. एकूण खर्चातला किमान दहा टक्के भाग साधारणतः दुसरीकडून उभा करावा लागतो. तिथे आपले लोक घाबरतात. पण फुकट मिळालेला हॉल, मैत्रिणीने शिवून दिलेले कपडे, कोणी वापरायला दिलेले दिवे, याची किंमत लावून दाखवता येते.

लंडनमधला आमचा विभाग (बरो) वॉल्थम फॉरेस्ट 2019 मध्ये पहिला 'लंडन बरो ऑफ कल्चर' झाला. वर्षभर मोठे कार्यक्रम झालेच, पण रहिवाशांच्या छोट्या प्रकल्पांनाही वेगळी रक्कम होती. माझ्या शेजारणीला त्या सुमारास पहिल्यांदा कळलं की आपणही अर्ज करू शकतो. ती रजया शिवते, बंगाली आहे. तोपर्यंत "हे आपल्यासाठी नसतं" हीच समजूत. पैशापेक्षा ती समजूत मोडली, हे मला मोठं वाटतं. दुःख एवढंच की वर्ष संपल्यावर उत्साहही ओसरला. एका वर्षाचा उत्सव आणि दरवर्षीचा निधी यांत फार अंतर आहे.

---

सरळरेषा

बालगंधर्वचा मुद्दा मान्य, तो मी या बाजूने पाहिला नव्हता. तरी माझा प्रश्न तसाच आहे. हा निधी टिकाऊ आहे का? मंदी आली की पहिली कात्री कलेवर. मग लोकांना सवय लावून मध्येच सोडून देणं जास्त वाईट नाही का?

---

धुकेनगरी

हा प्रश्न नेमका आहे, कारण इथे तसंच झालं. गेल्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत हॉटेल कराशी कलेचा असलेला थेट सांधा तोडला गेला आणि कलेचे पैसे सर्वसाधारण अंदाजपत्रकातून येऊ लागले. म्हणजे दरवर्षी नव्याने मागायचं. कलाकार आणि संस्था स्वस्थ बसल्या नाहीत. 2016 मध्ये त्यांनी हा विषय मतदानाला नेला. बहुमत मिळालं, पण लागत होतं दोन तृतीयांश. थोडक्यात हुकलं. 2018 मध्ये पुन्हा नेला, मतदारांपुढच्या त्या ठरावाचं नाव प्रपोझिशन ई. या वेळी सुमारे 75 टक्के मतं पडली. आता हॉटेलच्या 14 टक्के करापैकी दीड टक्क्यापर्यंतचा हिस्सा कला-संस्कृतीसाठी कायद्याने बांधलेला आहे. त्यात वस्त्यांमधली केंद्रंही आली आणि कल्चरल इक्विटीही.

आणि दोनच वर्षांत करोना. हॉटेलं ओस पडली, कर आटला. त्यामुळे "एकदा कायदा केला की झालं" असं मी म्हणणार नाही. पण फरक हा, की कायदा होता म्हणून प्रवासी परतू लागल्यावर तो हिस्सा पुन्हा मागत बसावं लागलं नाही.

परीक्षकांना आवडेल तसं लिहिण्याची भीतीही खरी आहे. अर्जातले परवलीचे शब्द सगळ्यांच्या अर्जात दिसू लागतात. यावरचा उपाय मी पाहिलाय तो म्हणजे परीक्षक दरवर्षी बदलणं आणि कामाच्या नमुन्यांना लिखाणापेक्षा जास्त वजन देणं. चित्रफीत खोटं बोलत नाही.

---

लेकएरी

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडहून. आमच्या कायाहोगा काउंटीत 2006 च्या मतदानानंतर कलेचे पैसे सिगारेटवरच्या करातून येऊ लागले. प्रत्येक पाकिटामागे 30 सेंट. लोकांची सिगारेट सुटत गेली, तसे कलेचे पैसेही कमी होत गेले. आरोग्यासाठी चांगलंच, पण नाट्यसंस्थांची दरवर्षी कपात. शेवटी 2024 मध्ये मतदारांनी तो कर वाढवून 70 सेंट केला. तरी आटणाऱ्या विहिरीवर किती दिवस काढणार? ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये 2012 पासून कमावत्या प्रौढामागे 35 डॉलर थेट कर आहे. तो भरायला लोक कुरकुरतात, पण त्यातून शाळांमध्ये कलाशिक्षक नेमले जातात. पैसा कुठून येतो, हे आधी ठरवा. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

---

पंचगंगा

कोल्हापूरची. धागा वाचते आहे आणि एकच गोष्ट डोक्यात येतेय. आमच्याकडे शाहीर आहेत, सोंगी भजनवाले आहेत, मर्दानी खेळांचे आखाडे आहेत. यातले बरेच जण सुंदर सादर करतात, पण चार पानांचा अर्ज, तोही ऑनलाइन, भरू शकत नाहीत. एका योजनेसाठी माझ्या ओळखीच्या वयस्कर शाहिरांना कलेचा पुरावा म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं मागितली होती. ज्यांनी आयुष्य जत्रांमध्ये काढलं त्यांची कात्रणं कोण ठेवणार? त्यांच्या वहीत मात्र गावोगावच्या पंचांच्या सह्या होत्या, तारीखवार. पोवाडा झाला की ते पंचांकडून सही घ्यायचे. ती वही कार्यालयाने पुरावा म्हणून धरली नाही.

म्हणून धुकेनगरी यांनी लिहिलेला 1967 चा तो वस्तीत जाणारा संघटक मला सगळ्यात मोलाचा वाटला. पैसे नंतर, आधी असा माणूस हवा जो त्यांच्या अंगणात बसून अर्ज लिहील आणि ती वही समजून घेईल.

---

पेठकरी

पंचगंगा, प्रतिसाद फार आवडला. ती वही कोणत्याही कात्रणापेक्षा वरचढ पुरावा आहे.

पुण्यापुरतं काय करता येईल यावर विचार करतोय. इथे 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा. आजवर लोक काय सुचवतात, तर बाक, दिवे, पदपथ. भांडवली कामं. त्यातून सादरीकरणाला पैसे मिळणार नाहीत, पण उद्यानात एक छोटा कट्टा-मंच, वर छप्पर आणि विजेचा पॉइंट, एवढं तर बसतं. प्रत्येक प्रभागातून एकेक जरी सुचवला गेला तरी तालमीला जागा होईल. सध्या मुलं वाहनतळात तालीम करतात आणि रखवालदार हाकलतो.

आणि कायद्याचा आधार हवा असेल तर 74वी घटनादुरुस्ती आहे. तिने जोडलेल्या 12व्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे 18 विषय आहेत. त्यातला 13वा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. त्यामुळे "हे आमचं काम नाही" असं सरसकट म्हणता येणार नाही.

---

मांडवीतीर

कट्टा-मंचाची कल्पना चांगली. फक्त त्याचं आरक्षण कोणाच्या हातात राहील ते आधी लिहून घ्या. आमच्याकडे एका सभागृहाचं असं झालं की बांधलं कलेसाठी आणि वापर लग्नांना. कारण लग्नवाला पूर्ण भाडं देतो.

---

धुकेनगरी

@मांडवीतीर, अगदी. इथे केंद्रं स्थानिक संस्थांकडे चालवायला दिली तेव्हा करारातच लिहिलं गेलं की वापर कलेसाठी आणि वस्तीसाठी. इमारतीची मोठी दुरुस्ती कोणी करायची यावर शहर आणि संस्था यांच्यात अजून ओढाताण चालते. छत गळत राहतं आणि पत्रव्यवहार होत राहतो. तेव्हा देखभालीचा खर्च कोणाचा, हेही सुरुवातीलाच लिहून घ्या.

@पेठकरी, कट्ट्याची सूचना द्याच. पण त्याबरोबर एक छोटा निधीही मागा. फार नको. उदाहरण म्हणून, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाला वर्षाला दहा लाख. त्यातून पंचवीस-पन्नास हजारांचे प्रकल्प. अर्ज मराठीत, दोन पानांचा, तोंडी सांगितला तरी चालेल असा. परीक्षक नगरसेवकांनी नेमायचे नाहीत आणि बैठक दारं उघडी ठेवून घ्यायची. नोंदणी नसलेल्या गटाला एखाद्या वाचनालयाने किंवा महाविद्यालयाने पालक व्हावं. आणि कामाच्या आधी अर्धे पैसे हातात. इथल्या काही अनुदानांत आधी स्वतः खर्च करा, मग पावत्या दाखवून परत घ्या, अशी पद्धत आहे. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ती झेपते. ती मात्र घेऊ नका.

---

सरळरेषा

दहा लाखांना माझी हरकत नाही. गटारांच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, हे आकडा समोर आल्यावर दिसलं. पण यादी जाहीर व्हायला हवी, मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांचीही, गुणांसकट. तेवढं असेल तर मी सही करीन.

---

पेठकरी

मसुदा लिहायला घेतो. पंचगंगा, पुराव्याच्या कलमात "पंचांच्या सह्यांची वही ग्राह्य" हे तुमच्या शब्दांत लिहून द्याल का? ईस्टलंडनकर, वस्तुरूपातल्या मदतीची किंमत कशी लावतात त्याचा एखादा नमुना असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. सूचना मागवण्याची जाहिरात आली की मसुदा इथेच टाकतो.

---

पंचगंगा

देते. शाहिरांना विचारून लिहिते, म्हणजे वहीत नेमकं काय-काय असतं ते सगळं त्यात येईल.